नाडी, पारा आणि मोबाईल

मंडळी, १८९६ साली एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. इटलीतल्या तुरिन शहरात शिपिओने रिवा-रोच्ची नावाच्या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र जाहीर केलं. दौत, तांब्याची नळी, सायकलची ट्यूब आणि थोडा पारा असं घरात सापडेल ते सामान जुळवून त्याने ते बनवलं होतं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. एकाने शरीराचा आकडा काढायची सोय केली. दुसऱ्यामुळे पुढच्या काही महिन्यांत आपल्याकडच्या हजारो साध्या माणसांच्या अंगाचा आकडा आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काढला. त्यांनी मागितला नसताना.

या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात असं वाटायचं कारण माझ्या मोबाईलमध्ये आहे. आमच्या चिरंजीवांनी मागच्या दिवाळीत त्यात आरोग्याच्या नोंदी ठेवणारं एक ॲप टाकून दिलं. बीपी, नाडी, वजन, साखर, झोप, पावलं, सगळं त्यात भरायचं. इथे रावेरात मी भरणार आणि तिकडे पुण्यात त्याला दिसणार. पंधरा दिवस वापरल्यावर माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. शरीराला आकडे कधी चिकटले? आणि चिकटले तेव्हा ते कुणाला वाचता येत होते? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. (मी मराठी माध्यमाचा बी.ए., विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण सनावळ्या हा नक्कीच आहे!)

आपल्याकडे नाडी होती, पण नाडीला आकडा नव्हता. शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, नाडीची चाल सांगितली आहे ती प्राण्यांच्या चालीवरून. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. तिन्ही प्राणी चालताना सगळ्यांनी पाहिलेले. तरी ती चाल बोटाला ओळखू येणं ही वैद्याची विद्या. रोग्याने मनगट पुढे करायचं आणि गप्प बसायचं. तापाचंही तसंच. आपल्या भाषेत बघा किती शब्द आहेत. कणकण आहे, कसकस आहे, अंग मोडून येतंय, हुडहुडी भरली, अंग भाजतंय. आमची आजी कपाळाला पालथा हात लावून यातलं नेमकं काय ते सांगायची आणि त्याप्रमाणे काढा की नुसती पेज हेही ठरवायची. हे शब्द म्हणजे एक मोजपट्टीच होती, आणि घरातल्या प्रत्येकाला ती वाचता यायची.

युरोपात आकड्याचं वेड आधी लागलं. पादुआ विद्यापीठातला सांतोरिओ नावाचा प्राध्यापक तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा. खाल्लं किती, बाहेर टाकलं किती आणि मधलं वजन गेलं कुठे, याचा हिशेब त्याने म्हणे तीस वर्षं ठेवला. पुस्तक छापलं १६१४ साली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी सोळा वर्षं! स्वतःच स्वतःचं वजन रोज लिहून ठेवणारा हा बहुधा पहिला नामांकित गृहस्थ. त्यानेच दोरीला गोळी बांधून नाडी मोजायचं साधन केलं. गोळीचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी कमीजास्त करायची आणि दोरीची लांबी लिहून ठेवायची. पुढे १७०७ साली इंग्लंडात जॉन फ्लोयर याने एक मिनिट चालणारं घड्याळ करून घेतलं आणि नाडी मिनिटाला इतकी असं मोजणं सुरू केलं. साप, बेडूक, हंस गेले आणि बहात्तर आलं.

थर्मामीटरची गोष्ट जास्त रंजक आहे. लायपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरने सुमारे पंचवीस हजार रोग्यांचे ताप मोजून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि निरोगी माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सिअस असं ठरवलं. त्याचं थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब, आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवायचं. त्याच सुमारास इंग्लंडात क्लिफर्ड ऑलबट याने सहा इंचांचं, पाच मिनिटांत काम करणारं थर्मामीटर आणलं. ते डॉक्टरच्या खिशात मावू लागलं आणि मग जगभर गेलं. आता गंमत अशी की ३७ हा सोयीसाठी पूर्णांक केलेला आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं. दशांश चिन्ह दिसलं की माणसाला वाटतं, किती काटेकोर! मुळात ते ‘साधारण सदतीस’ होतं. १९९२ साली अमेरिकेत निरोगी लोकांचं तापमान पुन्हा मोजलं तर सरासरी ९८.२ आली. आणि तरी आजही ९९ दिसलं की घरात चर्चा सुरू होते.

असो. तर हे खिशात मावणारं थर्मामीटर आपल्याकडच्या सामान्य माणसाला भेटलं ते दवाखान्यात नव्हे, रेल्वे स्टेशनवर. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि सरकारला प्रवासी थांबवून तपासायचा अधिकार मिळाला. गाडीतून उतरवायचं, रांगेत उभं करायचं, ताप बघायचा, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचं. बायकांनासुद्धा. ताप दिसला की छावणी. पुण्यात या घर-तपासण्यांवरून काय संताप उसळला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी कशी झाडली गेली, ते आपण शाळेत शिकलो आणि मी शिकवलंही. पण शिकवताना थर्मामीटरचा उल्लेख पुस्तकात नसे. मला आता वाटतं, असायला हवा होता. त्या काचेच्या नळीवरचा आकडा ज्याच्या अंगाचा होता त्याला तो वाचता येत नव्हता. वाचत होता गोरा साहेब नाहीतर त्याच्या हाताखालचा माणूस. आकडा वाचणारा एक आणि छावणीत जाणारा दुसरा.

आमच्या रावेरवरून भुसावळ-खंडवा लाईन १८६० च्या दशकातच गेलेली. रेल्वे जिथे गेली तिथे मागोमाग प्लेग गेला आणि खानदेशही त्यातून सुटला नाही. तेव्हा खानदेश अखंड होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले आणि आम्ही पूर्वेकडे आलो. जुनी माणसं सांगायची की घरात उंदीर मरून पडला की कुणाला विचारायला जायचं नाही. भांडीकुंडी बैलगाडीत टाकायची आणि गाव सोडून शेतात झोपड्या घालायच्या. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द पुरे होते. लहान पोराला कळायचं, आंधळ्या म्हातारीला कळायचं, आणि पुढे काय करायचं तेही त्याच दोन शब्दांत आलेलं असायचं. प्लेगच्या उपायांपैकी लोकांनी आपणहून केलेला, आणि खरोखर उपयोगी पडलेला, उपाय तो हाच.

माझी आजी थर्मामीटरला हात लावू द्यायची नाही. ‘ते तोंडात घातलं का मानूस घरी येत नाही’ असं म्हणायची. आम्ही हसायचो. आजी तेव्हा लहान होती, तिने काय पाहिलं असेल कोण जाणे.

रक्तदाबाकडे पुन्हा वळतो. रिवा-रोच्चीच्या यंत्राने फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ साली रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्ह या लष्करी डॉक्टरने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकले आणि खालचाही आकडा मिळाला. त्याचा तो निबंध जेमतेम पानभराचा आहे. (आमच्याकडे शाळेच्या वार्षिक अहवालाला चाळीस पानं लागत.) पण हे यंत्र दवाखान्यादवाखान्यांत पोचवायला हातभार कुणी लावला? विमा कंपन्यांनी! १९०७ च्या सुमारास अमेरिकेतली एक मोठी विमा कंपनी अर्जदाराचा रक्तदाब मोजून मागू लागली. कारण उघड आहे, कुणाला विमा द्यायचा आणि कुणाला नाही हे त्या आकड्यावरून ठरवता येत होतं. म्हणजे ताप सरकारला हवा होता आणि बीपी विमावाल्यांना. ज्याचं अंग त्याला आपला आकडा माहीत असावा ही कल्पना फार उशिराची आहे.

माझं बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं तेही विम्याच्याच तपासणीत, नोकरीला लागल्यावर. डॉक्टरांनी पट्टा फुगवला, सोडला आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. ‘किती आहे?’ विचारलं तर म्हणाले, ‘ठीक आहे.’ पुढे चाळिशीत दुसऱ्या एका डॉक्टरांनी मोजलं आणि म्हणाले, ‘थोडं आहे. मीठ कमी करा.’ थोडं म्हणजे किती ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तसा रिवाजच नव्हता. डॉक्टर देवमाणूस होते, त्यांचा दोष नाही. परीक्षेचे मार्क मुलाला न दाखवता ‘पास आहेस, जा’ म्हणायचं, तसा तो काळ होता.

आता मी तुम्हाला गडचिरोलीला नेतो, कारण या सगळ्या कथेतलं माझ्या मते सर्वांत हुशार यंत्र आपल्याच महाराष्ट्रात, तिथल्या जंगलात तयार झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ‘सर्च’ या संस्थेतर्फे तिथे १९८६ पासून काम करू लागले. लहान मुलं न्यूमोनियाने मोठ्या संख्येने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. मिनिटाला किती श्वास ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि साठ किंवा जास्त, त्याहून मोठं असेल आणि पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण गावात बाळाजवळ असते कोण? दाई. आणि तिला दहा-बारापर्यंतच मोजता यायचं. घड्याळ वाचता येत नव्हतं.

आता इथे आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? दाईला शंभरपर्यंत अंक शिकवायला घेतले असते. मी तर नक्कीच! बंगांनी उलटं केलं. एका छोट्या पाटीवर एक मिनिटाची वाळूची घटिका बसवली आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्यासाठी. घटिका उलटी करायची आणि श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. औषध द्यायचं. बस.

मी ते वाचलं तेव्हा कितीतरी वेळ खुर्चीत तसाच बसलो होतो. बघा, त्यात साठ हा आकडा कुठेच लिहिलेला नाही. पन्नासही नाही. दाईला आकडा कळायची गरजच ठेवलेली नाही, पण अर्थ पूर्ण तिच्या हातात आहे. ती कुणाला विचारायला जात नाही. लाल मणी म्हणजे आमच्या आजोबांचा ‘उंदीर पडला’. दोन्हींत खूण आणि कृती यांच्यामध्ये कुणी साहेब उभा नाही. गडचिरोलीतल्या गावांतला त्यांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या गावांत हे उपचाराचं काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. आणि शिक्षण नाही म्हणून बायांना आरोग्यातलं काही कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना (आपल्यात असे पुष्कळ आहेत) ती मण्यांची पाटी दाखवावी.

याच्या अगदी उलट अनुभव आपण सर्वांनीच २०२० आणि २०२१ मध्ये घेतला. ऑक्सिमीटर.

हे यंत्र मुळात फार सुंदर आहे. बोटातून उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, सुई नाही, रक्त काढणं नाही. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. ते गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये गेले, नेमके जगातल्या घराघरांत त्यांचं यंत्र पोचत असताना. आपल्या राज्यात १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी आले. कपाळावर ती पिस्तुलासारखी वस्तू धरून ताप बघितला, बोटाला चिमटा लावला, मोबाईलमध्ये नोंद केली. आमच्याकडे आलेली आशाताई माझीच विद्यार्थिनी. ‘सर, नॉर्मल आहे,’ म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली. मी तिला परत बोलावून आकडा विचारून घेतला. बिचारी दिवसाला किती घरं करत होती, तिला कुठे समजावत बसायला वेळ! पण १८९७ चाच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा लागू झालेला, आणि पुन्हा एकदा आपल्या अंगाचा आकडा दुसऱ्याच्या वहीत. फरक एवढाच की यावेळी वही घेऊन येणारी आपली माणसं होती, आणि ती स्वतःचा जीव धोक्यात घालून येत होती.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, प्रत्येकाने स्वतःचा ऑक्सिमीटर घेतला. माझे थोरले मेहुणे शेजारच्या तालुक्यात राहायचे. केळीचे बागाईतदार, वय अडुसष्ट, धिप्पाड माणूस. ताप आला, घरीच राहिले. मुलगा दिवसातून चार वेळा बोटाला चिमटा लावून वहीत लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या दिवशी ९५. दुसऱ्या दिवशी ९४, ९३. तिसऱ्या दिवशी ९३, ९२. घरात सगळे निर्धास्त. का? कारण शंभरपैकी ब्याण्णव! आपल्या डोक्यात दहावीचा निकाल बसलेला आहे. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन. ब्याण्णव म्हणजे बोर्डात आला म्हणायचं. शेजारी बघायला आले तेही म्हणाले, ‘नव्वदच्या वर आहे ना भो, मग काय भेव नाही.’ ऑक्सिजनच्या परीक्षेत पंच्याण्णवच्या खाली नापास असतात, हे त्या यंत्रावर कुठेही लिहिलेलं नाही. पाचव्या दिवशी श्वास लागला तेव्हा भुसावळला नेलं. नवव्या दिवशी ते गेले.

ती वही मी नंतर पाहिली. एकही नोंद चुकलेली नाही, एकही वेळ राहिलेली नाही. मुलाने करायचं ते सगळं केलं होतं. हे मी त्यालाही सांगितलं आहे आणि त्याने पुन्हा वाचावं म्हणून इथेही लिहून ठेवतो.

त्या यंत्राबद्दल आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या सांगतो. डिसेंबर २०२० मध्येच अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की काळ्या वर्णाच्या रोग्यांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि खरा धोका नजरेतून सुटायचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट असतं. उन्हात रापलेल्या आपल्या शेतकऱ्याच्या बोटाचं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. दुसरी गोष्ट माझ्या मास्तरकीतली. कागदावर ८६ लिहा, त्या चौकोनी यंत्राच्या अंकांत, आणि कागद उलटा धरा. ९८ दिसेल! बोटाला लावलेलं यंत्र समोरचा माणूस समोरूनच बघतो. बरं, पडद्यावर आकडे दोन. एक ऑक्सिजन, एक नाडी. कुठला कुठला ते इंग्रजी आद्याक्षरांत. गडचिरोलीचा लाल मणी कुठे आणि हे कुठे.

तर आता माझं ॲप. मंडळी, तक्रार करायची म्हणून करत नाही, ॲप चांगलं दिसतं, रंगही छान आहेत. पण ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्याने जन्मतारीख विचारली आणि चालू महिन्याचं कॅलेंडर पुढे धरलं. मागे जायचा बाण एका दाबात एकच महिना मागे नेतो. मला जायचं होतं १९५१ पर्यंत! नऊशे दाब झाले असते. शेवटी नातीने फोनवरून सांगितलं की वरच्या सालावर बोट ठेवा आजोबा, मग सालांची यादी येते. ठेवलं. १ जून टाकली. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तर तीच तारीख लिहीत. खरा जन्म कधीचा ते आईलाच माहीत होतं. तेव्हा ॲप माझ्या वयावरून जो काही हिशेब करतं त्याचा पायाच असा हेडमास्तरी आहे.

बीपी भरताना ‘सिस्टॉलिक’ आणि ‘डायस्टॉलिक’ असे दोन रकाने. आपण सगळे म्हणतो वरचं आणि खालचं. माझ्या बरोबरीच्या किती जणांना ते कळेल? ॲपची भाषा बदलून मराठी केली तर ‘प्रकुंचनीय’ आलं. मी मराठीचा शिक्षक असून मला शब्दकोश काढावा लागला! पुन्हा इंग्रजी केलं.

मग पावलं. रोज दहा हजार चाला. दहा हजार झाले नाहीत की संध्याकाळी सातला मोबाईल वाजतो आणि एक उदास चेहरा येतो. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून म्हणून शोधलं तर जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं होतं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र. नाव आकर्षक होतं. कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून नव्हे, जाहिरातीतून तो आकडा जगभर गेला. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. त्या दिवसांत हा उदास चेहरा बघून मला हसू येतं.

पण खरी अडचण वेगळी. एकदा दुपारी गच्चीवरून वाळवण घेऊन खाली आलो आणि लगेच बीपी मोजलं. १५८ आलं. ॲपने लाल केलं आणि तो लाल रंग त्याच क्षणी पुण्याला पोचला. मुलाचा फोन. ‘नाना, काय होतंय? गाडी पाठवू का? गोळी घेतली का?’ ऑफिसातून मीटिंग सोडून बाहेर आला होता बिचारा. पाच मिनिटं बसून पुन्हा मोजलं तर १३४. पण पहिला आकडा जाऊन बसला होता, सरासरीत मिसळला होता. जिना, वाळवण, ऊन हे लिहायला ॲपमध्ये जागा नाही. तेव्हापासून मोजायच्या आधी मला उगीच धडधडतं की आता काय दिसेल, तिकडे काय वाटेल. आणि धडधडलं की वरचं वाढतं! सौ. म्हणाली, ‘तुमचं बीपी तुमच्यापेक्षा पुण्याचं जास्त झालंय.’

सगळीच ॲपं अशी असतात असंही नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाचा एक कार्यक्रम सुरू केला. आपल्या राज्यात सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथे सरकारी दवाखान्यातल्या नर्ससाठी ‘सिंपल’ नावाचं ॲप दिलं. रोग्याजवळ एक कार्ड असतं, त्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का मोबाईलला दाखवला की त्याची नोंद उघडते. नर्सने बीपी आणि औषध टाकायचं, काही सेकंदांत संपलं. कोण महिनाभर फिरकलं नाही त्याची यादी निघते आणि त्याला फोन जातो. उदास चेहरा नाही, शाबासकीची पदकं नाहीत. आणि कार्ड रोग्याच्या हातात राहतं. २०२२ मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला त्यात गडचिरोलीच्या मण्यांचं नातं दिसतं. वापरणाऱ्याला काय येतं, काय येत नाही आणि त्याला वेळ किती आहे, हे आधी बघितलेलं आहे.

आमच्या घरात याच जातीची एक वस्तू पूर्वीपासून आहे, भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ पासून निघतं आहे आणि आमच्याकडे त्याच्या प्रत्येक चौकटीत सौ. दूध लिहीत आली आहे. गॅसचा सिलिंडर कधी लावला तेही तिथेच. मला गोळी सुरू झाली तेव्हापासून ती माझं बीपीही त्याच चौकटीत लिहिते. वर वरचं, खाली खालचं. शेजारी बारीक अक्षरात कारण. मागच्या मे महिन्याच्या पानावर आहे: ‘१४६/८८, रात्रभर लाईट नव्हती.’ ‘१५०/९०, चोपड्याचं लग्न, लोणचं.’ ‘१२८/७८, पाऊस आला.’ आमच्या डॉक्टरांना मी ॲपमधला आलेख दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मोबाईल परत दिला. कालनिर्णयचं फाडलेलं पान दाखवलं तर चष्मा लावून दोन मिनिटं वाचलं आणि विचारलं, ‘लाईट जाते तेव्हा झोपेचं काय करता सर?’ गोळीची वेळ रात्रीची केली.

ॲप मी काढून टाकलेलं नाही. मुलाने कौतुकाने दिलंय, आणि काळजीपोटी दिलंय, हे मला कळतं. दिवाळीनंतर आम्ही दोघं त्यावर नीट बोललो. मी एवढंच म्हटलं, की माझा आकडा तुला हवा असेल तर कारणासकट घे, नुसता रंग घेऊ नकोस. त्याने लाल रंगाचा निरोप बंद केला. आता दर रविवारी सकाळी मी भिंतीवरच्या पानाचा फोटो काढून पाठवतो आणि भरायचं ते तो तिकडे बसून स्वतःच ॲपमध्ये भरतो. कारणं भरायला जागा नाही म्हणून ती वाचून फोन करतो. फोटोत दुधाचा हिशेबही जातो. त्यामुळे आमच्याकडे दूध अर्धा लिटरनं का वाढलं, हे परवा सूनबाईने विचारलं. पाहुणे आले होते, ते लिहायचं राहिलं होतं म्हणून सौ.ने त्या चौकटीत नंतर लिहून टाकलं.